बिघाड क्रमांक सतरा: घड्याळ बरोबर वेळ दाखवते

कल्पना करा, तुमच्यासमोर पडद्यावर एक निळं बटण आहे. त्यावर लिहिलंय, ‘अपडेट करा’. खाली बारीक अक्षरांत, ‘यास काही मिनिटे लागतील.’ तुम्ही खुर्ची पुढे ओढून बसला आहात, बोट माउसवर आहे. त्या बटणामागे, दूर कुठल्यातरी थंडगार खोलीत, एका यंत्रावर तुमच्या घरच्या माणसाची बारा वर्षं ठेवलेली आहेत. चार हजार तीनशे प्रश्न, त्यांची उत्तरं आणि पेन्सिलीने काढलेली नऊशे चित्रं. बटण दाबलं की या सगळ्याच्या खालची जमीन बदलणार. वरचं घर आहे तसं राहतं असं म्हणतात. बहुतेक वेळा राहतंही. दाबाल?

चिमटीने अकरा दिवस दाबलं नव्हतं.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती घड्याळजींची मुलगी. चार वर्षांची असताना जमिनीवर पडलेला तिळाएवढा स्क्रू तिने वडिलांच्या चिमट्याने अचूक उचलून दिला, तेव्हापासून बाबांनी तिला चिमटी केलं ते कायमचं. पुढे ती संगणक शिकली, लोकांच्या वेबसाइट सांभाळायला लागली, केसांत एक-दोन पांढऱ्या तारा दिसायला लागल्या, तरी दुकानाच्या मागच्या खोलीत ती चिमटीच राहिली.

पुढची खोली बाबांची. खिडकीशी त्यांचं बाक, बाकावर पांढरं कापड, स्क्रू ठेवायच्या काचेच्या वाट्या. फक्त आता कापडावर घड्याळाऐवजी संगणक होता, कारण बाबांचे हात कापायला लागले होते. सुरुवातीला थोडे, मग कप बशीत वाजेल इतके. एक दिवस त्यांनी एका गिऱ्हाइकाचं घड्याळ न उघडताच परत केलं आणि म्हणाले, माझ्या हाताला आता सेकंद काटा लागलाय, थांबतच नाही. हसले स्वतःच. पण त्यानंतर बाकावर कुणाचं घड्याळ आलं नाही.

हात गेले तरी बाबांची सकाळ गेली नाही, ती त्या वेबसाइटमुळे. साइट खूप आधीची. तेव्हा गावोगावचे घड्याळजी बाबांना फोन करून अडचणी विचारायचे आणि बाबा फोन खांद्यात दाबून, डोळ्याला भिंग लावून, एकाच वेळी दोन घड्याळं दुरुस्त करायचे. एक हातातलं, एक फोनवरचं. शेवटी मान धरली. मग चिमटीने त्यांना साइट करून दिली. लोकांनी प्रश्न लिहायचा, बाबांनी उत्तर लिहायचं, जोडीला चित्र काढून द्यायचं. साइटला नाव काय द्यावं म्हणून विचार चालला होता, तर बाबा म्हणाले, सगळ्यांचा प्रश्न शेवटी एकच असतो. घड्याळ उघडलं, साफ केलं, परत जोडलं, आणि एक स्क्रू उरला. तो कुठला? साइटचं नाव पडलं ‘स्क्रू उरला’.

आता रोज सकाळी नऊला बाबा बाकाशी बसायचे. पडद्यावरची अक्षरं मोठी करून घेतलेली. एका हाताने दुसरा हात धरून, एका बोटाने उत्तर टाइप करायचे. एक उत्तर लिहायला कधी तास लागायचा. त्या तासात त्यांना हाक मारायची कुणाची टाप नव्हती.

आणि एक तारखेला सर्व्हर कंपनीचं पत्र आलं. साइटच्या मागे जे सॉफ्टवेअर चालतं, म्हणजे प्रश्न शोधून काढणं, उत्तर जागेवर ठेवणं, चित्र समोर आणणं ही सगळी न दिसणारी कामं जे करतं, त्याची आवृत्ती फार जुनी झाली होती. तिची भगदाडं आता कुणी बुजवणार नव्हतं. पंधरा तारखेपर्यंत नव्या आवृत्तीवर या, नाहीतर तुमची साइट बंद करू.

नेमकं तेव्हाच मनोरेवाल्याचं काम अर्ध्यावर होतं. हा दूरच्या एका गावातल्या नगरभवनाचा वायरमन. तिथल्या मनोऱ्यावरचं घड्याळ नऊ वर्षं बंद होतं. याने हौसेने ते उघडलं, सगळे भाग उतरवून सभागृहाच्या जमिनीवर मांडले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की उघडणं आणि जोडणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. तेव्हापासून रोज त्याचा एक प्रश्न यायचा आणि रोज बाबांचं एक उत्तर जायचं. एकशे बेचाळीस भागांपैकी पंच्याऐंशी बसले होते. गेल्या कित्येक महिन्यांत बाबा इतके खुशीत नव्हते. जेवताना ताटात चमच्याने दातेरी चाकं मांडून दाखवायचे. त्यांच्या हातून होणारी ही शेवटची मोठी दुरुस्ती आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी बोलत नव्हतं.

तर असं ते निळं बटण. साइट मोडली तर बाबांची सकाळ मोडणार होती.

“भितेस का?” बाबांनी पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं.

चिमटी म्हणाली की भीत नाही, बॅकअप आहे. दर रविवारी सगळ्या साइटची एक प्रत आपोआप निघते आणि वेगळ्या जागी जाऊन बसते.

“ती प्रत कधी चालवून बघितलीस?”

नव्हती बघितली. बाबांनी भुवया वर केल्या. त्यांच्या खणात जुन्या कमानींचा, म्हणजे घड्याळाच्या स्प्रिंगांचा, डबा होता. नवा माणूस दुकानात शिकायला आला की ते डबा उघडून विचारायचे, यात किती कमानी आहेत? तो मोजून सांगायचा, चाळीस. बाबा म्हणायचे, एकही नाही. बसवून, किल्ली देऊन चालवून बघितली की ती कमान. तोवर नुसतं पोलाद.

चिमटीने मागच्या खोलीत जाऊन स्वतःच्या संगणकावर प्रत उघडली. प्रश्न आले. उत्तरं आली. चित्रांच्या जागी नऊशे रिकाम्या चौकटी आल्या.

तिने दोनदा पान परत उघडून पाहिलं. शोधल्यावर कळलं ते असं. तीन वर्षांपूर्वी जागा अपुरी पडली म्हणून तिनेच चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली होती आणि रविवारच्या प्रतीला ते फोल्डर सांगायचं विसरली होती. तीन वर्षं दर रविवारी ती निर्धास्त झोपत होती. बाबांच्या न कापणाऱ्या हाताची सगळी चित्रं एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर होती. तिने ती लगेच उतरवून घेतली, दोन ठिकाणी ठेवली, मग पुन्हा प्रत काढून, उघडून, एकेक चित्र डोळ्यांनी पाहिलं. पाहता पाहता संध्याकाळ झाली. ही चित्रं तिने कधी सलग बघितलीच नव्हती. एका चाकाला बाबांनी मिश्या काढल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस तिने बाबांच्या पद्धतीने घालवले. दुकानाची पद्धत अशी की गिऱ्हाइकाच्या घड्याळावर प्रयोग करायचा नाही. तसंच दुसरं घड्याळ मिळवायचं, त्यावर हात बसवायचा, आणि जे केलं ते कागदावर लिहायचं. तिने खऱ्या साइटची हुबेहूब जुळी साइट तयार केली, बाहेरच्या कुणाला दिसणार नाही अशी, आणि तिच्यावर अपडेट केलं. एका उडीत नाही, पायरी पायरीने. पहिल्या पायरीला अख्खं पान पांढरं पडलं. दुसऱ्या पायरीला शोध चालेना. जुन्या आवृत्तीने ज्या चुकांकडे इतकी वर्षं काणाडोळा केला होता, त्या नवी आवृत्ती एकेक करून तिच्यापुढे मांडत होती, नव्याने रुजू झालेल्या साहेबासारखी. चिमटीने एकेक दुरुस्त केली, एकेक लिहिली. यादी एकोणीस पायऱ्यांची झाली.

मग तपासणीसाठी आत्याला बोलावलं.

आत्या, बाबांची धाकटी बहीण, वरच्या मजल्यावर राहायची. सदतीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होती आणि दुसऱ्याची चूक सापडली की तिचा चेहरा उजळायचा. चिमटीने तिला सांगितलं, ही जुळी साइट आहे, जे दिसेल ते दाब, जे खटकेल ते लिही. आत्याने नवी वही काढली, समास आखला आणि चष्मा पुसून बसली. तीन दिवस ती बसली. चिमटीचा जीव काढला तिने. अमुक बटण दोन केसांएवढं खाली आलंय. तमुक ठिकाणी शोध ‘किल्ली’ दाखवतो, ‘किल्ल्या’ दाखवत नाही. बहुतेक बिघाड खरे होते. काही आत्याचे होते.

अकराव्या दिवशी सकाळी चिमटीने वही उघडली आणि सतराव्या ओळीवर थांबली. सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘बिघाड क्रमांक सतरा. घड्याळ बरोबर वेळ दाखवते.’

“आत्या, हे काय लिहिलंयस?”

“जे दिसलं ते लिहिलंय. कोपऱ्यातलं घड्याळ बिघडलंय. दर वेळी पान उघडलं की वेगळी वेळ. आणि वेळ बरोबर असते.”

साइटच्या पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात एका घड्याळाचं चित्र होतं. बारा वर्षं त्यात दहा वाजून दहा मिनिटं झालेली होती. चित्र साइटवर कधी आलं हे चिमटीला नीट आठवत नव्हतं, पण त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. दुकानात विकायला मांडलेली घड्याळं दहा-दहावरच ठेवतात, हे घड्याळजीच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. काटे दोन्ही बाजूंना वर, घड्याळ हसल्यासारखं दिसतं. एक मनोरेवाला सोडला, तर साइटवर येणारे सगळे घड्याळजीच, आणि त्याला स्वतःचं घड्याळ सोडून दुसरीकडे बघायला सवड नव्हती. बारा वर्षांत एकालाही वाटलं नाही की हे घड्याळ बंद पडलेलं आहे. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

चिमटीने घड्याळाचा कोड उघडला. छोटीशीच फाइल होती. तिने एकदा वाचली, मग खुर्ची मागे ढकलून पुन्हा वाचली. त्यात सर्व्हरला सांगितलं होतं की, आत्ताच्या वेळेचं चित्र काढायचं काम तुला येत असेल तर काढ. येत नसेल तर तोवर दहा-दहाचं चित्र दाखव. जुन्या सॉफ्टवेअरला ते काम येत नव्हतं. नव्याला येत होतं. म्हणजे ते घड्याळ बिघडलेलं नव्हतंच, शोभेचंही नव्हतं. बारा वर्षं ते नुसतं वाट बघत होतं.

ती हसायला लागली ती थांबेना. आत्याने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं की मग सतरा नंबर खोडायचा का. चिमटी म्हणाली, राहू दे.

खऱ्या साइटचं काम बुधवारी दुपारी करायचं ठरलं. दुपारी, कारण नोंदी तपासल्यावर दिसलं की एक ते अडीच साइटवर चिटपाखरू नसतं. जगातले सगळे घड्याळजी वेळेवर जेवतात. बाबांच्या सांगण्यावरून तिने आदल्या दिवशीच पाटी लावली: ‘उद्या दुपारी एक ते अडीच दुकान बंद. आतलं काम चालू आहे.’ आणि यादीच्या शेवटी लाल पेनाने लिहिलं: दोन वाजेपर्यंत नीट झालं नाही तर जुनी प्रत परत लावायची, हट्ट करायचा नाही. परत लावायलाही तिने दोनदा सराव केला होता. सव्वीस मिनिटं लागत होती.

एक वाजता तिने ताजी प्रत काढली, उघडून पाहिली, आणि मग ते निळं बटण दाबलं. बाबा शेजारी येऊन बसले, हात मांड्यांखाली दाबून. आत्याने यादी हातात घेतली आणि कचेरीतल्यासारखी मोठ्याने वाचायला लागली. एक, झालं. दोन, झालं. एक वाजून पस्तीस मिनिटांनी एकोणिसावी पायरी झाली. पान उघडलं. शोध चालला. उत्तरं जागेवर.

चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी.

चिमटीला माहीत होतं, चित्रं गेलेली नाहीत, दोन ठिकाणी ठेवली आहेत. पण जुळ्या साइटवर तर सगळं दिसत होतं. तिने यादी पुन्हा वाचली, खालून वर, वरून खाली. आत्या म्हणाली, यादीतलं सगळं झालंय, तेव्हा राहिलंय ते यादीत नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे तू केलंस आणि लिहिलं नाहीस. आमचे साहेब असंच करायचे.”

घड्याळात एक चाळीस. चिमटी अंदाजाने एक गोष्ट बदलायला निघाली होती, तेवढ्यात बाबा बोलले.

“हात काढ. दोन्ही घड्याळं शेजारी ठेव आणि बघ.”

तिने हात काढला. जुळी साइट आणि खरी साइट पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या आणि फोल्डरमागून फोल्डर ताडून पाहिले. इकडे असं, तिकडेही असं. इकडे असं, तिकडेही असं. चित्रांच्या फोल्डरपाशी फरक सापडला. जुळ्या साइटवर नव्या सॉफ्टवेअरला ते फोल्डर वाचायची परवानगी होती. खऱ्यावर नव्हती. आठवलं तिला. पहिल्या दिवशी घाईत तिनेच एका ओळीत ती परवानगी देऊन टाकली होती, आणि मग चहा प्यायला गेली होती.

एक ओळ लिहिली. पान पुन्हा उघडलं. बाबांच्या मिशीवाल्या चाकाने तिच्याकडे पाहिलं.

आत्याने यादीत विसावी पायरी लिहिली, तिच्यापुढे ‘झालं’ लिहिलं, आणि खाली रेघ मारली. एक वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. हे त्यांना भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता कळलं, कारण पडद्यावर डाव्या कोपऱ्यात तेवढेच वाजले होते. बाबा कितीतरी वेळ त्या काट्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, अर्धं मिनिट मागे आहे, आणि उठून तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

अडीचला पाटी काढली. दोन बत्तीसला मनोरेवाल्याचा निरोप आला. भाग सत्याण्णवसाठी सांगितलेलं जुनं चित्र दिसलं, बसवतो. आणि खाली, काका, तुमचं घड्याळ कुणी चालू केलं? संध्याकाळपर्यंत असे एकेचाळीस निरोप आले. अर्ध्या लोकांना आनंद झाला होता. उरलेल्या अर्ध्यांनी स्वतःच्या घड्याळाशी ताडून किती सेकंदांचा फरक आहे ते कळवलं होतं. एकाने लिहिलं, इतकी वर्षं आम्ही त्याला शोभेचं समजत होतो, त्याची माफी मागा.

गुरुवारी सकाळी नऊला बाबा बाकाशी बसले. एका हाताने दुसरा हात धरून, भाग अठ्ठ्याण्णव.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी फोन आला. मनोरेवाला मनोऱ्यावर उभा होता आणि वाऱ्याने त्याचं बोलणं निम्मं उडत होतं. बाबांनी फोन बाकावर ठेवला, आवाज मोठा केला. आधी कबुतरांची फडफड आली. मग घंटा वाजायला लागली. बाबा बोटावर मोजत होते, कापत्या बोटावर, आणि दहावा ठोका पडला तेव्हा पान पुन्हा उघडून साइटवरच्या घड्याळाकडे बघून फोनमध्ये म्हणाले, “बावीस सेकंद पुढे आहे हो. पण आता नका उघडू.”

पलीकडून म्हणणं आलं की उघडत नाही, पण एक स्क्रू उरलाय.

बाबा इतके हसले की आत्या वरून खाली आली.

चिमटीच्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. त्या घड्याळाच्या फाइलमध्ये वरच एक ओळ होती, सर्व्हरसाठी नाही, वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली. ‘थांबलेलं नाही.  चालायची वेळ झाली की चालेल.’ हे दुसरं वाक्य बाबांचं. माझं घड्याळ कधी चालेल असं कुणी विचारलं की ते हेच म्हणायचे. पण बाबांना कोडमधलं काडीचं कळत नव्हतं. आणि दोन वाक्यांच्या मध्ये एक नाही, दोन जागा सोडलेल्या होत्या. तिच्या ओळखीत पूर्णविरामानंतर दोन जागा सोडणारं एकच माणूस होतं, आणि ते टायपिंगच्या जुन्या शाळेत शिकलेलं होतं. साइट सुरू झाली त्या वर्षी चिमटी परीक्षेसाठी महिनाभर बाहेर होती, आणि तेव्हा साइटची किल्ली, म्हणजे पासवर्ड, या दोघांकडेच होती.

तिने बाबांना विचारलं. ते म्हणाले, मला एका बोटाने टाइप करता येतं, तुला माहीत आहे. आत्याला विचारलं, तर आत्या म्हणाली, मी समोरचं बघून टाइप करते, अर्थ बघत नाही. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम चहाचा विषय काढला.

ती फाइल त्यांनी कुठून पाहून उतरवली, हे चिमटी एक दिवस काढून घेईलच. तिला हवं होतं ते वेगळंच. तिने स्वतः बांधलेल्या साइटवर, तिच्या पाठीमागे, या दोघांनी एक थांबलेलं घड्याळ लावून ठेवलं आणि बारा वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ते एक दिवस चालेल, आणि चालवणारी हीच असेल, एवढी खात्री त्यांना तेव्हा कशावरून होती?